कॉल कुणी तोडला? पीआरआयचा ट्रेस वाचायला शिकताना

‘मॅडम, आमच्या साइडने लाइन ओके आहे.’

पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर तीस कॉल नेणारी ऑफिसची फोन लाइन. तिच्यावर काम करणाऱ्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की झोपेतही म्हणून दाखवतील. ऑपरेटरचा माणूस हेच म्हणतो, ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या एक्सचेंजचा, माणूसही हेच म्हणतो, आणि मधल्यामध्ये तुम्ही सापडता. रिसेप्शनवरून दर दहा मिनिटांनी निरोप येत असतो की मोबाइलला फोनच लागत नाहीयेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा वेळी दोघांनाही कॉन्फरन्सवर घ्यायचे आणि त्यांचं भांडण ऐकत बसायचे. मग एका सीनियरने ट्रेसची, म्हणजे लाइनवरून गेलेल्या-आलेल्या संदेशांच्या नोंदीची, प्रिंट समोर टाकली आणि म्हणाले, ‘पहिला डिस्कनेक्ट कुणाकडून आलाय तेवढं सांग. बाकीचं नंतर.’ मला सांगता येईना, कारण ती प्रिंट मला वाचताच येत नव्हती.

ती प्रिंट कशी वाचायची ते इथे लिहिते आहे. आपल्याकडे पीआरआय म्हणजे ई१ लाइनवरचं आयएसडीएन, आणि त्यावर कॉल जोडणं-तोडणं चालतं क्यू९३१ या नियमांनी. आता बऱ्याच ठिकाणी पीआरआय काढून एसआयपी ट्रंक (आयपी नेटवर्कवरून चालणारी फोन जोडणी) घेतात, हे खरं. पण कॉल का तुटला हे सांगणारे कॉज कोड एसआयपीच्या ‘रीझन’ हेडरमध्ये तेच राहिले, आणि आयपीवरच्याच एच३२३ या दुसऱ्या पद्धतीतली कॉल जोडणी तर क्यू९३१ च्याच संदेशांवर उभी आहे. शिकलेलं वाया जात नाही.

लिहिण्याबद्दल एक सूचना. हेक्समधली अक्षरं मी ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत लिहिली आहेत. म्हणजे ‘ए३’ हा एक बाइट, ‘०एफ’ हाही एकच बाइट. कमांडही देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

१. हाताशी काय काय हवं

साइटवर जायच्या आधी एवढं गोळा करा:

- ऑपरेटरचं कमिशनिंगचं पत्र किंवा मेल. त्यात पायलट नंबर (लाइनचा मुख्य नंबर), डीआयडीची रेंज (बाहेरून थेट एक्स्टेन्शनला लागणारे नंबर), किती चॅनल चालू आहेत, सीआरसी४ (लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी) चालू की बंद आणि इनकमिंगला ते किती आकडे पाठवणार, हे असतं. नसेल तर मागून घ्या.
- ईपीएबीएक्स किंवा गेटवेचं अॅडमिन लॉगिन, आणि ट्रेस फाइलमध्ये साठवायची सोय.
- क्यू९३१, क्यू९२१ आणि क्यू८५० या तीन शिफारशींच्या पीडीएफ. आयटीयूच्या साइटवर फुकट मिळतात. क्यू९३१ ची मे १९९८ ची आवृत्ती घ्या. सगळी वाचायची नाही. चौथ्या प्रकरणात बाइटची मांडणी आहे आणि नवव्यात टायमरचे तक्ते, एवढंच उघडायचं.
- वायरशार्क असलेला लॅपटॉप.
- एक मोबाइल आणि एक साधा लँडलाइन, टेस्ट कॉलसाठी.
- कागद-पेन. हसू नका. पहिले दहा ट्रेस हातानेच सोडवा.

सॉफ्टवेअर आपोआप डिकोड करून देतं, मग हाताने कशाला, असं मला नवी मुलं विचारतात. कारण डिकोडरचं भाषांतर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एक ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहितो, दुसरा नुसता आकडा टाकतो, तिसरा न कळलेला आयई (संदेशातला माहितीचा तुकडा) गुपचूप गाळतो. बाइट मात्र सगळीकडे तेच असतात, आणि ऑपरेटरच्या एनओसीशी (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राशी) बोलताना बाइट वाचून दाखवले की समोरचा आवाज लगेच बदलतो.

२. आधी खालचे दोन मजले

क्यू९३१ हा तिसरा मजला. खालचे दोन पक्के नसतील तर वरचं वाचण्यात अर्थ नाही.

ई१ म्हणजे २.०४८ एमबीपीएस, ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट. स्लॉट ० फ्रेमिंगसाठी, स्लॉट १६ सिग्नलिंगसाठी म्हणजे डी चॅनल, आणि उरलेले ३० बोलण्यासाठी. कार्डावर लाल अलार्म असेल तर सिग्नलच येत नाहीये: केबल, बलून (दोन जातींच्या केबल जोडणारा अडॅप्टर), मोडेम बघा. ७५ ओहमची कोअॅक्स आणि १२० ओहमची आरजे४५ यांच्या मधला तो छोटा बलून नीट बसलेला नसणं, हे मी मोजायचं सोडून दिलेलं कारण आहे. अलार्म नाही पण एरर वाढत चाललेत, तर सीआरसी४ दोन्हीकडे सारखं आहे का बघा. क्लॉक नेहमी ऑपरेटरकडून घ्यायचा. दोघंही स्वतःचा क्लॉक चालवत बसले की स्लिप येतात, म्हणजे मधल्या फ्रेम गळतात किंवा दोनदा येतात, आणि फॅक्स मरतात.

दुसरा मजला क्यू९२१. इथे एकच बघायचं: ‘लिंक सुरू करूया’ म्हणणारा एसएबीएमई गेला आणि ‘चालेल’ म्हणणारा यूए आला का? आला, की लिंक उभी. मग लाइन शांत असतानाही साधारण दर दहा सेकंदांनी दोन्हीकडून आरआर (‘मी तयार आहे’) दिसतो. ती नाडी आहे. एसएबीएमई दर सेकंदाला जातोय आणि उत्तर नाही, तर बहुधा समोरचा डी चॅनल बंद आहे. दोन्हीकडून एसएबीएमई येतायत पण लिंक उभी राहत नाही, तर दोघंही ‘यूझर’ किंवा दोघंही ‘नेटवर्क’ म्हणून सेट झालेत. आपण ग्राहक, म्हणजे आपण यूझर. सिस्कोच्या राउटरवर ‘शो आयएसडीएन स्टेटस’ दिल्यावर ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसलं पाहिजे. ‘टीईआय असाइन्ड’वर अडकलं असेल तर वर जाऊ नका.

३. ट्रेस चालू करताना

अॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअर ईपीएबीएक्सवर ‘पीआरआय सेट डीबग ऑन स्पॅन १’. सिस्कोवर ‘डीबग आयएसडीएन क्यू९३१’. अॅस्टेरिस्कमध्ये ‘ऑन’च्या जागी ‘इंटेन्स’ लिहिलं तर खालचा मजला आणि कच्चे बाइटही दिसतात, पण आरआरचा इतका पूर येतो की नवखा माणूस त्यातच बुडतो.

गर्दीच्या वेळी राउटरच्या कन्सोलवर डीबग सोडू नका. कन्सोल हळू असतो, सीपीयू त्याच्यामागे धावतो, आणि चालू असलेले कॉलही तुम्हीच पाडता. लॉग बफरमध्ये किंवा फाइलमध्ये घ्या. घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून मिळणाऱ्या अचूक वेळेला, लावलेलं आहे ना ते बघा, नाहीतर ऑपरेटरच्या ट्रेसशी तुमचा ट्रेस जुळवताना दोघांच्या वेळेत सात मिनिटांचा फरक निघतो आणि सगळी दुपार त्यात जाते.

दिशा कशी कळते? अॅस्टेरिस्कमध्ये ओळीच्या सुरुवातीला उजवीकडे टोक असलेला कंस म्हणजे आपण पाठवलं, डावीकडे टोक असलेला म्हणजे आपल्याला आलं. सिस्कोवर टीएक्स आणि आरएक्स लिहिलेलं असतं. ही खूण प्रत्येक संदेशावर आधी पेनाने गिरवा. निम्मं काम तिथेच होतं.

आणि एक टेस्ट कॉल, एक ट्रेस. वीस जण बोलत असताना काढलेला ट्रेस म्हणजे दादर स्टेशनवर एकाच माणसाचं बोलणं ऐकायचा प्रयत्न.

४. पहिले पाच बाइट

हा मी मुंबई-पुणे पट्ट्यातल्या कुठल्याही ऑफिसातून १३९ ला, म्हणजे रेल्वे चौकशीला, लावलेल्या कॉलचा नमुना समजा. आपण पाठवलेला सेटअप:

०८ ०२ ०० २ए ०५ ०४ ०३ ८० ९० ए३ १८ ०३ ए९ ८३ ९१ ६सी ०६ ०१ ८० ३२ ३१ ३४ ३० ७० ०४ ८१ ३१ ३३ ३९ ए१

पहिला ०८ म्हणजे ‘हा क्यू९३१ चा संदेश आहे’. पुढचा ०२ म्हणजे कॉल रेफरन्स दोन बाइटचा आहे. मग ते दोन बाइट: ०० २ए, म्हणजे कॉल क्रमांक ४२. पाचवा बाइट संदेशाचा प्रकार: ०५, सेटअप.

कॉल रेफरन्स वाचताना मी स्वतः तीनदा तोंडावर पडले आहे, म्हणून जरा थांबते. त्यातला सगळ्यात वरचा बिट हा झेंडा आहे. ज्याने कॉल सुरू केला त्याने पाठवलेल्या संदेशात झेंडा ०, समोरच्याच्या संदेशात १. म्हणून आपल्या ०० २ए ला उत्तर येतं ते ८० २ए असं. इथपर्यंत सोपं आहे. पण ऑपरेटरसुद्धा स्वतःचे क्रमांक स्वतःच वाटतो, आणि त्याच वेळी त्यानेही एका इनकमिंग कॉलला ४२ दिला असू शकतो. मग ट्रेसमध्ये नुसतं ‘४२’ शोधलंत तर दोन वेगळ्या माणसांचे कॉल एकमेकांत गुंफून समोर येतात, आणि एका कॉलचा कनेक्ट दुसऱ्या कॉलच्या डिस्कनेक्टला चिकटतो. ओळखायचं असं: आपण पाठवलेल्या संदेशात ०० २ए असेल तर कॉल आपला. आपण पाठवलेल्या संदेशात ८० २ए असेल तर कॉल त्यांनी सुरू केलेला. दिशा आणि झेंडा दोन्ही एकदम बघायचे.

पाचव्या बाइटवर येणारे प्रकार आठवड्याभरात पाठ होतात: ०५ सेटअप, ०२ कॉल प्रोसीडिंग, ०१ अलर्टिंग, ०३ प्रोग्रेस, ०७ कनेक्ट, ०एफ कनेक्ट अॅकनॉलेज. तोडणारे तीन: ४५ डिस्कनेक्ट, ४डी रिलीज, ५ए रिलीज कम्प्लीट. अधूनमधून ०डी सेटअप अॅकनॉलेज आणि ७बी इन्फर्मेशन दिसतात, म्हणजे नंबर एकदम न जाता आकडा-आकडा जातोय. ७डी स्टेटस दिसला तर समोरच्याला काहीतरी खटकलंय.

५. सरळ गेलेला कॉल कसा दिसतो

बिघडलेला ट्रेस बघण्याआधी एक चांगला कॉल पूर्ण वाचा आणि जपून ठेवा. माझ्याकडे प्रत्येक साइटचा असा एक असतो.

आपण सेटअप पाठवतो. तिकडून कॉल प्रोसीडिंग येतो: ‘मिळालं, नंबर पुरेसा आहे, बघतो.’ मग अलर्टिंग: ‘तिकडे घंटी वाजतेय.’ मग कनेक्ट, आणि आपण कनेक्ट अॅकनॉलेज देतो. बोलणं झालं की ज्याने फोन ठेवला त्याच्याकडून डिस्कनेक्ट, समोरून रिलीज, पुन्हा इकडून रिलीज कम्प्लीट.

सेटअपला थेट रिलीज कम्प्लीट आला तर समोरच्याने दारातूनच परत पाठवलं: चॅनल, बेअरर (कॉल आवाजाचा की डेटाचा) किंवा नंबर यांत काहीतरी त्याला नामंजूर आहे. कॉल प्रोसीडिंगनंतर डिस्कनेक्ट आला तर कॉल पुढे गेला होता, अडला पुढच्या वाटेवर. ऑपरेटरला काय विचारायचं ते या फरकावरून ठरतं.

६. आयई, एकेक करून

पाच बाइटनंतर इन्फर्मेशन एलिमेंट सुरू होतात. आम्ही सगळे आयईच म्हणतो. प्रत्येकाची मांडणी एकच: ओळखीचा बाइट, लांबी, मग तेवढे बाइट मजकूर. अपवाद म्हणजे वरचा बिट १ असलेला आयई: तो एकाच बाइटचा, लांबी नाही. आपल्या नमुन्यातला शेवटचा ए१ तसा आहे, ‘सेंडिंग कम्प्लीट’, म्हणजे नंबर पूर्ण दिलाय, आणखी आकड्यांची वाट बघू नका. त्याच्या पुढच्या बाइटला लांबी समजलात की तिथून पुढचं सगळं वाचन एक घर सरकतं.

०४ ०३ ८० ९० ए३, बेअरर. ८० म्हणजे स्पीच, ९० म्हणजे ६४ केबीपीएस सर्किट, ए३ म्हणजे ए-लॉ. भारतात ए-लॉच. इथे ए२ दिसला तर म्यू-लॉ आहे, बहुधा अमेरिकन डिफॉल्ट सेटिंगवर कुणीतरी बॉक्स तसाच चढवलाय. पहिल्या बाइटच्या जागी ८८ असेल तर तो डेटा कॉल आहे, आणि साध्या फोनला डेटा कॉल गेला तर तो नाकारला जाणारच.

१८ ०३ ए९ ८३ ९१, चॅनल. ए९ म्हणजे ‘हाच चॅनल हवा’, ए१ असता तर ‘हा चालेल, नाहीतर दुसरा द्या’. शेवटच्या बाइटमधून वरचा बिट काढा: ९१ चा उरतो ११ हेक्स, म्हणजे १७.

हा १७ म्हणजे टाइमस्लॉट १७, सतरावा बोलण्याचा चॅनल नव्हे. स्लॉट १६ सिग्नलिंगला गेल्यामुळे स्लॉट १७ हा सोळावा चॅनल होतो. एका रुग्णालयात रोज सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान तक्रार यायची की फोन लागतो, पण आवाज नाही, आणि एकदा तर एका पेशंटच्या नातेवाइकाला दुसऱ्याचंच बोलणं ऐकू आलं. मी तीन दिवस ट्रेस काढले. सगळे स्वच्छ! सेटअप, अलर्टिंग, कनेक्ट, बोट ठेवायला जागा नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आवाज नसलेल्या प्रत्येक कॉलचा शेवटचा चॅनल बाइट ९१ किंवा त्याच्या पुढचा आहे. ईपीएबीएक्समध्ये कुणीतरी चॅनल सलग १ ते ३० असे मांडले होते, १ ते १५ आणि १७ ते ३१ असे नाही. पंधरा कॉलपर्यंत सगळं ठीक, सोळाव्यापासून आवाज शेजारच्या स्लॉटवर. पंधरापेक्षा जास्त कॉल फक्त ओपीडीच्या गर्दीतच व्हायचे, म्हणून तो ठरावीक तास.

चॅनलचीच दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकच चॅनल पकडणं. ऑपरेटर खालून वर शोधत असेल तर आपलं हंटिंग, म्हणजे मोकळा चॅनल शोधायचा क्रम, वरून खाली ठेवा.

६सी ०६ ०१ ८० ३२ ३१ ३४ ३०, कॉल करणाऱ्याचा नंबर. ०१ मध्ये नंबरचा प्रकार: ‘अज्ञात, आयएसडीएन प्लॅन’. वरचा बिट ० आहे, म्हणजे याच माहितीचा आणखी एक बाइट पुढे आहे: ८०, ‘दाखवायला हरकत नाही, आमच्याकडून दिलेला, तपासलेला नाही’. मग आकडे. प्रत्येक आकड्याच्या आधी ३ असतो, तो काढून टाका: २१४०. आपण पाठवलेला नंबर डीआयडीच्या रेंजमध्ये नसेल तर ऑपरेटर बहुतेक वेळा तो फेकून पायलट नंबर लावतो. ‘आमच्या सगळ्या एक्स्टेन्शनचा एकच नंबर दिसतो’ ही तक्रार आली की आधी इथे बघा.

७० ०४ ८१ ३१ ३३ ३९, ज्याला लावला त्याचा नंबर. ८१ म्हणजे प्रकार अज्ञात, मग १, ३, ९. इथे ए१ असेल तर प्रकार ‘राष्ट्रीय’, ९१ असेल तर ‘आंतरराष्ट्रीय’. प्रकार राष्ट्रीय लिहून पुन्हा आकड्यांच्या आधी शून्य लावणं ही जुनी चूक आहे. शून्य हा ‘आता राष्ट्रीय नंबर येतोय’ असं सांगण्यासाठीच असतो, प्रकारात ते आधीच सांगितलंत तर एक्सचेंजला शून्य नंबराचाच भाग वाटू शकतो. मी प्रकार अज्ञात ठेवते आणि माणूस जसा डायल करेल तसेच आकडे पाठवते. आपल्याकडे सहसा ते चालून जातं.

उत्तरात येणाऱ्या आयईंपैकी १ई, प्रोग्रेस इंडिकेटर ओळखून ठेवा. १ई ०२ ८२ ८८ याचा अर्थ: ‘लाइनवर आता आवाज आहे, ऐकवा.’ हा आवाज रिंगचा असेल किंवा एक्सचेंजच्या घोषणेचा. याचं महत्त्व मला १५ जानेवारी २०२१ ला कळलं. त्या दिवसापासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. आमच्या एका साइटवर ते बदलायचं राहून गेलं होतं. सकाळपासून मोबाइलचे सगळे कॉल ‘डेड’. ट्रेसमध्ये सेटअप, कॉल प्रोसीडिंग, मग ८८ वाला प्रोग्रेस, काही सेकंद शांतता आणि डिस्कनेक्ट, कॉज चक्क १६, म्हणजे ‘सर्व काही सुरळीत’. ऑपरेटर बिचारा त्या काही सेकंदांत ‘नंबराआधी शून्य लावा’ अशी घोषणा ऐकवत होता, पण आमचा ईपीएबीएक्स कनेक्ट आल्याशिवाय आवाज उघडतच नव्हता. राउटिंगमध्ये एक शून्य आणि प्रोग्रेसवर आवाज उघडायची एक सेटिंग, एवढंच होतं.

७. कॉज: कारण आणि ठिकाण

तोडणाऱ्या संदेशात ०८ हा आयई असतो. सावध: संदेशाची सुरुवातही ‘०८ ०२’ने होते आणि कॉज आयईसुद्धा बहुतेकदा ‘०८ ०२’नेच. फाइलमध्ये सर्च मारलात की प्रत्येक ओळ सापडते. पाचव्या बाइटनंतरचा ०८ तो कॉज.

उदाहरण: ०८ ०२ ८२ ए२. ०२ लांबी, ८२ ठिकाण, ए२ कारण. कारण काढायची युक्ती: पहिल्या चिन्हातून ८ वजा करा (९ चा १, ए चा २, बी चा ३, असं एफ चा ७ पर्यंत), त्याला १६ ने गुणा, दुसरं चिन्ह मिळवा. ए२ म्हणजे २ गुणिले १६ अधिक २, बरोबर ३४: मोकळा चॅनल नाही.

ठिकाणाचा बाइट लोक वाचतच नाहीत, आणि भांडण मिटतं ते त्यानेच. ८० म्हणजे समोरच्या टोकाचा ग्राहक. ८१ ग्राहकाच्या बाजूचं खासगी नेटवर्क. ८२ जवळचं सार्वजनिक नेटवर्क, म्हणजे तुमचाच ऑपरेटर. ८४ पलीकडच्या टोकाचा ऑपरेटर. ८ए म्हणजे पुढे वेगळ्या जातीचं नेटवर्क लागलं आणि त्याच्या पलीकडचं आम्हाला दिसत नाही. ३४ आणि ८२ असेल तर तुमच्या ऑपरेटरला धरा. ३४ आणि ८४ असेल तर गर्दी पलीकडे आहे, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

सारखे भेटणारे कॉज:

- १: असा नंबरच नाही. बहुतेक वेळा आपणच आकडे कमी-जास्त पाठवलेत.
- १७: एंगेज. १८: पलीकडून काहीच प्रतिसाद नाही. १९: घंटी वाजली, उचलला नाही.
- २१: नाकारला. कधीकधी बाहेर कॉल करायची परवानगीच बंद असते. थकलेलं बिल तपासा, खरंच.
- २८: नंबराची मांडणी चुकीची. प्रकार आणि शून्याचा घोळ इथे सापडतो.
- ४४: मागितलेला चॅनल मिळणार नाही.
- ८८: टोकं एकमेकांशी जुळत नाहीत. बेअरर बघा.
- १००: अमुक आयईचा मजकूर चुकीचा. कोणता ते पुढच्या बाइटमध्ये असतं. ०८ ०३ ८० ई४ ६सी याचा अर्थ, ६सी मध्ये, म्हणजे कॉल करणाऱ्याच्या नंबरात, काहीतरी गडबड आहे.
- १०२: कुठलातरी टायमर संपला.

१६ बद्दल परत सांगते. १६ म्हणजे कॉल नीट तोडला गेला. नीट झाला असा त्याचा अर्थ नाही.

आणि कॉज नेहमी पहिल्या तोडणाऱ्या संदेशातला घ्यायचा. त्यानंतरच्या रिलीजमध्ये आणि रिलीज कम्प्लीटमध्ये वेगळे आकडे दिसले तरी ते दार लावताना झालेले आवाज आहेत.

एसआयपी गेटवे मधे असेल तर हेच कॉज तिकडे आकडे बदलून जातात: १ चा ४०४, १७ चा ४८६, ३४ चा ५०३. एसआयपीवाल्याने ‘५०३ येतोय’ म्हटलं की त्याला ‘रीझन’ हेडर बघायला सांगा, मूळ कॉज तिथे असू शकतो.

८. घड्याळाचे घोळ

कॉल प्रत्येक वेळी ठरावीक सेकंदांनी तुटत असेल तर आधी टायमरवर संशय घ्या. सेटअपला चार सेकंदांत उत्तर नाही आलं तर टी३०३ संपतो, सेटअप पुन्हा जातो. पुन्हा उत्तर नाही, तर कॉल सोडून दिला जातो. तेच बाइट, तोच रेफरन्स, चार सेकंदांच्या अंतराने दोनदा दिसले तर ते दोन कॉल नाहीत. डिस्कनेक्टला उत्तर नसेल तर टी३०५, तीस सेकंद.

सगळ्यात जास्त छळतो टी३१०. कॉल प्रोसीडिंग आल्यावर अलर्टिंगची किती वेळ वाट बघायची, ते हा ठरवतो. यूझर बाजूसाठी क्यू९३१ मध्ये ३० ते १२० सेकंद दिलेत, नेटवर्क बाजूसाठी दहा. काही बॉक्सवर आपण यूझर असूनही दहाच भरलेले असतात. रोमिंगमधला किंवा रेंजच्या काठावरचा मोबाइल शोधायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, की आपलाच ईपीएबीएक्स डिस्कनेक्ट पाठवतो आणि आपणच ऑपरेटरला शिव्या घालतो. ट्रेसमध्ये हे उघड दिसतं: आपल्याकडून गेलेला डिस्कनेक्ट, कॉज ई६, म्हणजे १०२, आणि पुष्कळदा त्याच्यामागे ३३ ३१ ३०. त्यातले ३ काढा: ३१०. टायमर आपलं नाव लिहून जातो.

९. तक्रार लिहिताना

ट्रेस जसाच्या तसा मेलला जोडू नका. त्यात लोकांचे खरे नंबर असतात, रुग्णालय किंवा बँक असेल तर जास्तच जपायला हवं. टेस्ट कॉलचा ट्रेस द्या, किंवा आकडे झाका. हेक्समधले ३१, ३२ झाकायला विसरू नका. वर नंबर खोडून खाली बाइट तसेच ठेवलेले मेल मी पाहिलेत.

मेलमध्ये एवढंच लिहा: तारीख आणि सेकंदांसकट वेळ, आपला पायलट नंबर, कॉल रेफरन्स झेंड्यासकट, टाइमस्लॉट, पहिला तोडणारा संदेश कोणत्या दिशेने गेला, आणि कॉज आयईचे सगळे बाइट. ‘११:४२:०७ ला आम्ही सेटअप पाठवला, रेफरन्स ०० २ए, स्लॉट १७. ११:४२:०८ ला तुमच्याकडून रिलीज कम्प्लीट, ०८ ०२ ८२ एसी.’ एसी म्हणजे ४४, आणि ठिकाण ८२, म्हणजे त्यांचंच. स्लॉट १७ त्यांच्याकडे ब्लॉक आहे का, एवढं एका ओळीत विचारा.

उत्तर फोनवर आलं तर तिकीट नंबर लिहून घ्या, आणि चॅनल उघडल्याचं सांगितलं की त्याच स्लॉटवर टेस्ट कॉल करून नवा ट्रेस जुन्याशेजारी ठेवा.